पाऊचची आतली टीप

मुक्तावहिनीनं शिवलेल्या खिशातून काही पडलं, असं केजमध्ये कुणी सांगितलं तर मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणेन. दिवाळी जवळ आली की ऊसतोडीला निघणाऱ्या बाया तिच्या दारात येऊन बसतात. पोलक्याच्या आत डाव्या बाजूला चोरखिसा शिवून घ्यायचा असतो. पुढं कित्येक महिने उसाच्या फडात वाकून काम. खिसा सैल असला तर मोबाईल म्हणा, डोरलं म्हणा, उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात पडतं आणि पाचटात पडलेलं पुन्हा दिसत नाही. म्हणून वहिनी खिशाच्या तोंडाला आतून एक जादा टीप मारते आणि इलॅस्टिक दुमडून ती टीप त्याखाली लपवते. बाहेरून काही कळत नाही. हात घालायला थोडा जोर लागतो, काढायला त्याहून जास्त. बाया कुरकुरतात, "मुक्ताबाई, लई घट्ट केलंस गं." ती मान वर न करता म्हणते, "घट्ट हाय म्हणून तर तुझं तुझ्यापाशी राहील."

मी प्रियदर्शनी, तिची नणंद. शाळेत शिकवते, आणि आमचे मालक वारल्यापासून भावाच्या शेजारच्या खोलीत राहते. लोकांच्या चुका काढायची सवय मला शाळेनं लावली आणि ती सुट्टीतही सुटत नाही, असं माझा भाऊ माणिकदादा म्हणतो. तो स्वतः केज-अंबाजोगाई रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. चुकांबद्दल त्यानं न बोललेलंच बरं.

दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी दीपमाला जिल्हा पोलिसांत शिपाई आहे. बीडला मुख्यालयात असते, सुट्टी मिळाली की घरी येते. या पोरीच्या हातात रायफल बसेल असं आमच्यात कुणाला वाटलं नव्हतं. लहानपणी टिकल्यांचं पिस्तूल वाजलं तरी कानात बोटं घालून माझ्या पदराआड यायची. प्रशिक्षणात मात्र तिच्या गोळ्या एकमेकींना खेटून लागायला लागल्या, आणि नेमबाजी शिकवणाऱ्या सतीश हवालदारांनी तिला हेरून ठेवलं. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. यंदा परिक्षेत्राच्या रायफल संघात आपल्या जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती आणि दीपाला ते नाव आपलं हवं होतं. तेही यंदाच. पुढं तिची मुख्यालयातून बदली ठरलेली. मग एखादं ठाणं, बंदोबस्त, पाळ्या, आणि रायफल हातात यायची ती नियमापुरती.

"आत्या, यंदा न्हाई तर मग न्हाईच," ती मला म्हणाली होती.

नेम चांगला होता. अडत होतं ते कमरेपाशी. चाचणीत उभं राहून पहिल्या गोळ्या झाडायच्या, रिकामं मॅगझिन काढायचं, कमरेच्या पाऊचमधलं भरलेलं मॅगझिन ओढून रायफलला लावायचं, गुडघ्यावर बसायचं आणि शिट्टी व्हायच्या आत उरलेल्या गोळ्या झाडायच्या. खात्याचा पाऊच झाकणाचा. बंदोबस्तात तोच बरा, धावपळीत त्यातून काही सांडत नाही. पण इथं ते झाकण उघडता उघडताच शिट्टी जवळ यायची. उस्ताद म्हणाले, "दीपमाला, स्वतःचा पाऊच घे, चालतो. पण घालून बघ, वाकून बघ, बसून बघ. चपलीसारखा घे. दिसायला चांगला म्हणून घेऊ नको."

एका रविवारी मी तिच्याबरोबर बीडला वर्दीच्या दुकानात गेले. वहिनीलाही चल म्हटलं होतं. ती म्हणाली, "मी येऊन काय करू? मला काय कळतंय त्यातलं? दारात बाया बसल्यात." दीपानंही आग्रह केला नाही.

दुकानदार बंकटराव बोलघेवडे. त्यांनी आधी चामड्याचा पाऊच काढला. "ह्यो घ्या मॅडम. अस्सल चामडं. नातवाला बी पुरंल."

"नातवाला न्हाई, मला मारायच्यात गोळ्या," दीपा म्हणाली.

तिनं पिशवीतून दादानं करून दिलेला लाकडी तुकडा काढला. मॅगझिन काही शस्त्रागाराबाहेर येत नाही, म्हणून घरी सराव करायला दादानं त्याच मापाचं, त्याच बाकाचं लाकूड कापून, पॉलिश पेपरनं घासून दिलं होतं. ते चामड्याच्या पाऊचमध्ये घालून तिनं बघितलं. "घामानं हे फुगणार, मग सोडणार न्हाई," म्हणाली. मग कडक प्लास्टिकचा आला. तो मला आवडला, टक्कन आवाज करत होता. दीपानं तो बेल्टला लावला आणि त्या भर दुकानात एक गुडघा टेकून बसली. बंकटराव मागं सरकले. पाऊचची कड तिच्या पोटाला टोचत होती, शिवाय आतला तुकडा खुळखुळत होता. तोही गेला. शेवटी हिरव्या नायलॉनचा, उघड्या तोंडाचा, वरच्या काठाला इलॅस्टिक असलेला पाऊच तिनं हातात घेतला आणि मग पुढचा सगळा वेळ तिचं आणि त्या पाऊचचंच चाललं. डाव्या बाजूला लावला, कारण उजवा हात रायफल सोडत नाही. जरा पुढं घेतला तर बसल्यावर मांडीत दबायचा. मागं घेतला तर हात चाचपडायचा. कमरेच्या हाडाच्या किंचित पुढं आणला तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. मग तुकडा असा घातला की खऱ्या मॅगझिनमधल्या गोळ्यांची टोकं पुढच्या बाजूला येतील, म्हणजे ओढताना बोट आपोआप टोकावर बसतं आणि न बघताही मॅगझिन सरळ रायफलमध्ये जातं. उठली, बसली, ओढलं, घातलं.

"अगं बाई, नवरा निवडताना तरी एवढं बघशील का?" मी म्हणाले.

"नवरा एवढ्या घाईत काढायचा नसतो, आत्या."

बंकटराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दीपानं पाऊच उलटा धरून हलवला. तुकडा पडला नाही. मग दोन बोटांनी ओढला, तसा सरळ हातात आला. "उलटा धरला तर पडायला नको, ओढला तर अडायला नको," ती म्हणाली. "बस्स, एवढंच पायजे मला." हे मी ऐकलं, बंकटरावांनी ऐकलं, उस्तादांना तर ती रोजच ऐकवत असेल. वहिनीच्या कानावर ते कधी गेलं नाही.

पाऊचमध्ये खोट एकच निघाली. मागचा पट्टा रुंद बेल्टासाठी केलेला, दीपाचा बेल्ट त्यापेक्षा अरुंद. पळताना पाऊच बेल्टवर इकडंतिकडं सरकायचा. चाचणीच्या आधीच्या सुट्टीला ती घरी आली, तेव्हा वहिनीच्या मशीनवर पाऊच आणि लाकडी तुकडा ठेवून म्हणाली, "आई, ह्यो मागचा पट्टा सैल हाय बघ. घट्ट करून दे. सकाळच्या गाडीनं जायचंय." आणि मैत्रिणीकडं गेली.

आता त्याच्या आदल्या सुट्टीतली एक गोष्ट सांगायला पाहिजे. जेवताना दीपानं तिच्या बॅचमधल्या सुग्रीवचा किस्सा सांगितला होता. कुठल्याशा बंदोबस्तात त्याचं भरलेलं मॅगझिन पडलं. सगळी तुकडी गवत धुंडाळत राहिली. मॅगझिन सापडलं, पण पोरामागं चौकशी लागली ती लागलीच. दीपा हसत सांगत होती. सुग्रीवची नक्कलही केली. वहिनीचा घास मात्र हातातच राहिला. "आणि तुझं पडलं तर गं?" तिनं विचारलं. "माझं कावून पडंल?" म्हणून दीपानं भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो विषय तिच्यापुरता तिथंच संपला.

वहिनीपुरता तो संपला नव्हता. तिनं पट्टा घट्ट केला. काम एवढंच होतं. पण पाऊच हातात घेतल्यावर तिला त्याचं उघडं तोंड दिसलं. गोळ्या ठेवायच्या वस्तूला ना झाकण, ना बटण, ना नाडी. चोरखिसे शिवण्यात जिचा जन्म गेला, तिला ते बघवलं नसणार. मी समोरच तांदूळ निवडत बसले होते. ती पुन्हा मशीनवर वाकलेली दिसली, मला वाटलं पट्टाच करतेय. तिनं हिरव्याला हिरवा दोरा जुळवला, इलॅस्टिक दुमडून आतून टीप मारली. मग लाकडी तुकडा आत घालून ओढला. निघाला. परत घातला, परत निघाला. तेव्हा तिनं दोरा तोडला. म्हणजे तिनं बघितलं नाही असंही म्हणता येत नाही.

पण दादानं घासून घासून ते लाकूड इतकं गुळगुळीत केलं होतं की ते बाटलीच्या तोंडातूनही निघालं असतं. खऱ्या मॅगझिनच्या अंगावर उभ्या धारा असतात, एका बाजूला कंगोरा असतो, आणि भरलं की ते जड होतं. आमच्या घरात हे एकट्या दीपाला ठाऊक होतं, आणि ती सकाळी पाऊच पिशवीत कोंबून त्याच दिवशीच्या चाचणीसाठी गाडी पकडायला पळाली.

चाचणीचं मला तिनं नंतर सांगितलं. मैदानावर मॅगझिन हातात मिळालं, तिनं ते पाऊचमध्ये सरकवलं. जरा घट्ट गेलं. तिला वाटलं, पट्टा आवळल्यामुळं असेल. दुसऱ्या कुणी शिवलं असतं तर तिनं एकदा ओढून बघितलं असतं. आईच्या हातची वस्तू तपासायची असते, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. अंगड्या-टोपड्यापासून तिच्या अंगावरचं सगळं त्याच हातांनी शिवलेलं.

उभ्यानं झाडलेल्या गोळ्या अशा लागल्या की मागं उभे असलेले उस्ताद नुसते हुंकारले. दीपानं रिकामं मॅगझिन टाकलं, हात कमरेला नेला, बोट टोकावर बरोब्बर बसलं, आणि ओढलं. आलं नाही. गुडघ्यावर बसून पुन्हा ओढलं. धारा टिपेत अडकल्या होत्या. पाऊचबरोबर बेल्टच वर यायला लागला. उजव्या हातातली रायफल मांडीवर टेकवून तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा मॅगझिन एकदाचं बाहेर आलं. ते रायफलला लागलं आणि शिट्टी झाली. एकही गोळी सुटली नाही. संघात नाव लागलं ते गेवराईकडच्या विजयमालाचं. ती पोर भली. तिनंच येऊन दीपाला सांगितलं, "नेम तुझाच चांगला होता गं."

उस्तादांनी पाऊचचं तोंड उलटून बघितलं. "ही टीप कुणी मारली?"

"मीच, उस्ताद," दीपा म्हणाली.

इतकं शहाण्यासारखं वागलेली पोर. घरी येतानाही तिनं ठरवलं होतं की आईला काही कळू द्यायचं नाही. आली, पाय धुतले, म्हणाली, "न्हाई झालं. नेम चुकला." वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, कढी-भात वाढला. दादा म्हणाला, "अगं, माझा बी रोज चुकतो, तरी गाडी घरी येतीच की." दीपा हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तोंड उघडलं नसतं, तर ते तसंच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दारात बाया होत्याच. छबुबाई म्हणून एक आहे, दर साली तोडीला जाते, जीभ तिखट. तिनं पोलक्यात हात घालून बघितला आणि ओरडली, "मुक्ताबाई, हात अडकला की माझा! ह्यो खिसा हाय का उंदराचा पिंजरा?"

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली, आणि कौतुकानं म्हणाली, "बोल काय बोलायचं ते. माझ्या दीपाच्या गोळ्यांच्या पाकिटाला बी हीच टीप मारलीय मी. तिला म्हाईत बी न्हाई. एवढी पळाली, बसली, उठली, पण इचार तिला, काय पडलं का?" आणि आत वळून, "दीपा, सांग की गं! पडलं का काही?"

दीपा चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला.

"न्हाई पडलं," ती म्हणाली. तिथं थांबायला हवं होतं. "निघालंच न्हाई तर पडंल कसं? तुझ्या त्या टिपंनंच घात केला माझा. कुणी सांगितलं व्हतं तुला नसता शहाणपणा करायला? वर्षभर मेले मी तिथं. पट्टा म्हणलं तर पट्टा करायचा, गप बसायचं!"

बाया खाली बघायला लागल्या. छबुबाई एवढी तिखट, तिनं पदर तोंडाला लावला. एरवी वर्गात कुणी असं बोललं तर मी उभं करून ऐकवलं असतं. त्या दिवशी मीही बायांसारखंच खाली बघितलं.

वहिनी रडली नाही. काय झालं हेच तिला उमगलं नसावं. मग तिनं विचारलं, "ते निघायला पायजे होतं व्हय गं?"

दीपानं मान डोलावली.

"मला वाटलं, गोळ्या हायत, पडल्या न्हाई पायजेत. मी वढून बघितलं की. निघत होतं."

ती उठली, दीपाच्या पिशवीतून पाऊच काढला, मशीनपाशी बसली आणि ब्लेडनं टीप उसवायला लागली. एक एक टाका. इतक्या बायांदेखत. नायलॉन कुठं कापलं जाऊ नये म्हणून डोळ्यांजवळ धरून. सगळा दोरा निघाल्यावर तिनं लाकडी तुकडा आत घातला, ओढला, परत घातला, आणि पाऊच दीपापुढं धरला. "आता बघ बरं. आता अजाबात अडत न्हाई."

मी कुणाच्या मयताला इतकी रडले नसेन. आत जाऊन नळ सोडून रडले. संघ गेला तो गेला होता, नाव लागलं ते लागलं होतं, आणि ही बाई आता पाऊच दुरुस्त करून पुढं धरत होती.

दीपानं तिच्या गळ्यात हात टाकले. "आई, मीच सांगायला पायजे होतं," म्हणाली. वहिनी म्हणाली, "तुला काय म्हाईत, मी असं करीन म्हणून. जा, चहा निवला."

संध्याकाळी दीपा माझ्या खोलीत येऊन बसली. "आत्या," ती म्हणाली, "उस्तादांना सांगितलं, त्या दुकानदाराला सांगितलं, तुला सांगितलं. आईला न्हाई सांगितलं. मला वाटलं, तिला काय कळणार त्यातलं." मग म्हणाली, "खिशातलं, आत्या. खिशातलं आईला कळणार न्हाई असं वाटलं मला." मी तिची समजूत घालायला गेले, पण घालू काय? खरंच होतं ते. एका वाक्याचं काम होतं. उलटा धरला तर पडायला नको, ओढला तर अडायला नको. हे वाक्य जर कुणी वहिनीला सांगितलं असतं, तर तिनं त्या पाऊचला अशी टीप घातली असती की सगळ्या मुख्यालयानं तसलाच मागितला असता. हे मी नणंद असून म्हणते.

वहिनी रागावली असती, अबोला धरला असता, तर बरं झालं असतं. तिनं काहीच धरलं नाही. बायांचे खिसे शिवले, बाया तोडीला गेल्या. दीपा आली की भाकरी, ठेचा, तिच्या आवडीची शेंगांची चटणी, सगळं पहिल्यासारखं. दीपाच तिच्या मागं मागं फिरायची. मशीनला तेल घाल, बॉबिन भर, सुईत दोरा ओवून दे. वहिनी म्हणायची, "राहू दे गं, दमली असशील."

मग दीपाची बदली झाली. दिंद्रुडच्या ठाण्याला. जायच्या आधी ती नवी पँट घेऊन आली. पायात लांब होत होती. खरं म्हणजे ती पँट मुद्दामच घरी आणली होती, हे मला कळलं आणि वहिनीलाही कळलं असणार. "आई, खालून तेवढी दुमडून टीप मारून दे," दीपा म्हणाली, अगदी सहज म्हटल्यासारखी.

वहिनीनं पँट घेतली. कापड चिमटीत धरून बघितलं, पाय उलटा करून शिवण बघितली. तिचा एक पाय मशीनच्या पायट्यावर गेलाही होता. मग तिनं पँटची घडी घातली आणि दीपाच्या हातात दिली.

"तिकडंच टाक टेलरकडं. सरकारी काम हाय. किती ठेवायचं, किती दुमडायचं, मला न्हाई कळत त्यातलं."

"आई, पँट हाय ती. निस्ती पँट."

"असू दे बाई. उगं माझ्या हातून काही व्हायचं."

दीपानं आणखी दोनदा म्हणून बघितलं. मी म्हणून बघितलं. दादा नेहमीसारखं काहीतरी चेष्टेचं बोलायला गेला आणि मधेच थांबला. पँट तशीच पिशवीत गेली.

पुढच्या सुट्टीला दीपा वर्दीवरच आली, ठाण्यातून थेट. तिकडच्या कुणा टेलरनं पँट दुमडली होती. वहिनीनं ताट वाढलं, पाणी दिलं आणि मग तिची नजर खाली गेली. ती वाकली. दीपाच्या पायापाशी बसून तिनं पँटची कड बोटांत धरली, आत-बाहेर करून पाहिली. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. टीप वाकडी गेली होती, दोराही वेगळ्याच रंगाचा होता. ते माझ्यासारखीला उंबऱ्यातून दिसत होतं.

"चांगली मारलीय की टीप," वहिनी म्हणाली.

"हां, आई," दीपा म्हणाली, आणि जेवायला लागली.